आधी पडदा उजळा, मग माणूस

मी मूळचा एडिटर. सेटवर जायला लागलो तो वैतागून. एकदा चाळीस मिनिटांची मुलाखत हातात आली. बोलणाऱ्या बाई ग्रीन स्क्रीनला, म्हणजे एडिटमध्ये काढून टाकून मागे दुसरं चित्र लावायच्या हिरव्या पडद्याला, जवळजवळ पाठ टेकूनच बसलेल्या. मोकळे कुरळे केस, केसांत हिरवी झाक, खांद्यांना हिरवी किनार आणि मागे त्यांचीच सावली, म्हणजे एकाच पडद्यावर दोन वेगळे हिरवे. ‘सॉफ्टवेअरमध्ये निघेल की’ म्हणून शूट करणारा मोकळा झाला होता. ती किनार मी तीन रात्री बसून फ्रेम-फ्रेमने हाताने साफ केली. तेव्हापासून ग्रीन स्क्रीनचं काम असलं की दिवे लावताना मी तिथे हजर असतो.

पहिली गोष्ट अंतर. माणूस पडद्यापासून किमान सहा ते आठ फूट पुढे हवा, जागा असेल तर दहा. त्याने सावली पडद्यावर पडत नाही आणि पडद्यावरून उसळणारा हिरवा उजेड, म्हणजे स्पिल, अंगापर्यंत येईतो बराच विरतो. खोली लहान असेल तर माणसाला पुढे घ्या आणि फ्रेम आवळा. पडदा सगळ्या फ्रेमभर दिसायची गरज नसते. हात जिथवर जातील तेवढ्याच भागामागे हिरवं हवं. बाकीचं नंतर एडिटमध्ये गार्बेज मॅट आखून, म्हणजे नको असलेल्या भागाची हद्द ढोबळपणे आखून, कापता येतं.

पडदा आणि माणूस यांची लाइटिंग ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती मी एका वेळी एकच करतो. खुर्ची रिकामी ठेवून आधी फक्त पडद्याचे दिवे. दोन्ही बाजूंनी एकेक सारखा दिवा, पुढे डिफ्युजन (उजेड मऊ करणारा पातळ पडदा), पडद्याकडे साधारण ४५ अंशांत. डावा दिवा डाव्या कडेवर न रोखता पलीकडच्या अर्ध्या भागावर रोखा, उजवाही तसाच. जवळची कड भगभगीत आणि मध्य काळपट, हा दोष त्याने बराच कमी होतो.

एकसारखेपणा डोळ्यांनी ठरवू नका. डोळा फार समजूतदार असतो, फरक झाकून घेतो. मॉनिटरवर वेव्हफॉर्म लावा, म्हणजे चित्राचा कुठला भाग किती उजळ आहे ते टक्क्यांत दाखवणारा आलेख. रिकाम्या पडद्याची रेघ बारीक आणि सपाट दिसली पाहिजे. ती मधे फुगली, कडेला झुकली, तर दिवा हलवा. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या पिक्चर प्रोफाइलमध्ये मी ती ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतो. लॉगमध्ये (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकं चित्र देणारं प्रोफाइल) शूट करत असाल तर हे आकडे तसेच लागू होत नाहीत. पडदा जास्त उजळला तर ‘की’ (key), म्हणजे सॉफ्टवेअरने हिरवा ओळखून काढून टाकणं, चांगली निघेल असं अनेकांना वाटतं. होतं उलटंच: हिरवा फिका पडतो आणि स्पिल वाढतं.

कापड असेल तर इस्त्री करून चारही बाजूंनी क्लॅम्प लावून ताणा. सुरकुती म्हणजे छोटी सावलीच.

आता पडद्याचे दिवे बंद, माणसाचे चालू. इथे मी एकच प्रश्न विचारतो: मागे काय येणार आहे? उत्तर ‘नंतर ठरवू’ असेल तर मला घाम फुटतो. मागे खिडकीतून डावीकडून ऊन येतंय आणि चेहऱ्यावर उजेड उजवीकडून असेल, तर की कितीही स्वच्छ निघो, माणूस चिकटवलेलाच दिसणार. कॅमेऱ्याची उंची आणि लेन्सही त्या चित्राशी जुळायला हवी. मागचं चित्र मिळालं असेल तर ते लॅपटॉपवर उघडं ठेवूनच दिवे लावा. मागून केसांवर हलका रिम लाइट, म्हणजे कडा उजळवणारा दिवा, द्या, पण पार्श्वभूमीत त्याला काही कारण दिसत असेल तेवढाच. शेवटी सगळे दिवे एकत्र लावून वेव्हफॉर्म पुन्हा बघा. चेहऱ्याचा दिवा पडद्यावर सांडलेला असतो बऱ्याचदा.

कपड्यांत हिरवा नको हे सगळ्यांना कळतं. फसवतात ते ऑलिव्ह आणि खाकी, चकाकणारं कापड, चष्मा, खुर्चीचे स्टीलचे पाय.

कॅमेऱ्यात जमलं तर ४:२:२ रेकॉर्ड करा. हे आकडे रंगाची माहिती किती साठवली जाते ते सांगतात. ४:२:० मध्ये चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद उरते, आणि की तर रंगावरच निघते. म्हणून कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या येतात. हिरवाच पडदा का, याचंही कारण कॅमेऱ्यातच आहे: बहुतेक सेन्सरवर दर चार पिक्सेलमध्ये दोन हिरवे असतात, त्यामुळे हिरवा चॅनल सगळ्यांत स्वच्छ मिळतो. आयएसओ कमी, व्हाइट बॅलन्स लॉक, शार्पनिंग अगदी खाली. कॅमेऱ्याने कडांना दिलेली खोटी धार की काढताना गडद किनार होऊन बसते. अ‍ॅपर्चर एफ/४ ते ५.६, म्हणजे कान आणि केस फोकसमध्ये राहतात. बोलणारा हातवारे करणारा असेल तर २५ फ्रेम्सला १/५० ऐवजी १/१०० शटर घ्या, बोटं कमी फरफटतात.

एडिटमध्ये रंग चेहऱ्याजवळच्या हिरव्यातून उचला, कोपऱ्यातून नाही. मग मॅट, म्हणजे कीचा साचा, काळ्या-पांढऱ्यात बघा: काळं ते काढलं जाणार, पांढरं ते राहणार. आधी काळं स्वच्छ करा, पांढरं नंतर, आणि दोन्हीकडे हात राखून. जास्त रेटलं की केस कातरल्यासारखे दिसतात. मी दोन की काढतो: केसांसाठी मऊ, अंगासाठी कडक, थोडी आत ओढलेली. फुटेजमध्ये नॉइज (चित्रातले बारीक रवे) असेल तर डीनॉइज केलेल्या प्रतीवर की काढून ती मॅट मूळ फुटेजला लावा. डीस्पिल, म्हणजे अंगावरची हिरवी झाक काढणं, सगळ्यांत शेवटी.

आणि हे सगळं एडिटपर्यंत ताटकळत ठेवू नका. माणूस बसला की वीस सेकंद रेकॉर्ड करा, त्याला डोकं हलवायला आणि हात पसरायला सांगा, मग फाइल लॅपटॉपवर घेऊन आधी करड्या आणि मग लाल रंगावर की काढून बघा. राहिलेलं हिरवं लालवर लगेच उठून दिसतं. त्या वेळी दिवा दोन फूट सरकवायला मिनिट लागतं.