हिमदवापासून स्ट्रॉबेरीची फुले वाचवा

महाबळेश्वरच्या वेधशाळेत पारा आठ-नऊ अंशांवर असतो आणि त्याच पहाटे वेण्णा तलाव, लिंगमळ्याकडच्या वाफ्यांवर हिमदवाचा, म्हणजे गोठलेल्या दवाचा, पांढरा थर धरलेला असतो. तापमापक चार फूट उंच पेटीत, आपली फुले मात्र जमिनीपासून वीतभरावर. शिवाय निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीची ऊब थेट आकाशात निघून जाते आणि गार झालेली जड हवा उताराने खाली येऊन सखल रानात साचते. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत मोबाइलवरचा आकडा बघून निर्धास्त राहू नका. सगळ्यात खोलगट वाफ्यात, फुलांच्या उंचीवर साधा तापमापक खोचून ठेवा. दिवसभर आभाळ स्वच्छ, सायंकाळी वारा पडलेला आणि दिवस मावळताच पारा भराभर उतरतोय असे दिसले, तर ती रात्र धोक्याची.

स्ट्रॉबेरीचे झाड सहसा मरत नाही, जातो तो बहर. उमललेले फूल उणे 1 अंशाच्या आसपासच दगावते, घट्ट मिटलेली कळी त्याहून बरीच जास्त थंडी सोसते. फसगत अशी की पाकळ्या सकाळी पांढऱ्याशुभ्रच दिसतात. फूल हातात घेऊन बघा: मधला पिवळा गोंडा काळा पडला असेल तर त्यातून फळ धरणार नाही, धरलेच तर वेडेवाकडे.

पहिला उपाय पाण्याचा, आणि तो दिवसाच करायचा. सकाळी ठिबक चालवून वाफा ओलसर करा. ओली माती उन्हाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते, कोरडी भुसभुशीत माती लवकर थंड होते. सऱ्यांत पेंढ्याचा जाड थर असेल तर थंडीच्या लाटेपुरता बाजूला ओढा. पेंढा मातीची ऊब मातीतच कोंडतो, फुलांपर्यंत येऊ देत नाही.

दुसरा उपाय झाकण्याचा. क्रॉप कव्हर (पिकावर पांघरायचे हलके कापड) उत्तम, थोडेच वाफे असतील तर जुन्या साड्या, गोणपाटही चालते. सूर्य मावळायच्या आत झाका. मध्यरात्री उठून झाकले तर आत कोंडायला ऊबच उरलेली नसते. कडा मातीने किंवा दगडांनी दाबा. प्लॅस्टिकच वापरायचे असेल तर बांबूच्या कामट्यांवर ताणा. पानाला टेकले की तिथेच पान करपते. सकाळी उन्हे वर आली की उघडा, नाहीतर मधमाश्या फुलांपर्यंत पोचत नाहीत.

तुषार सिंचनाबद्दल मात्र जपून. पाणी गोठताना उष्णता सोडते, दर ग्रॅमला 80 कॅलरी, म्हणून बर्फाचे कवच चढूनही आतले फूल शाबूत राहते. पण पारा शून्यावर यायच्या आधी सुरू केलेले तुषार बर्फ पूर्ण वितळेपर्यंत अखंड चालावे लागतात. मध्येच बंद पडले तर बाष्पीभवनाने फुले अधिकच गारठतात. रात्रीच्या विजेचा भरवसा नसेल, तर या वाटेला जाऊच नका.

बांधावर शेकोट्या पेटवून धूर करायचा रिवाज आहे. माझ्या मते त्यात शेतकऱ्याला ऊब मिळते तेवढी पिकाला मिळत नाही. उघड्या रानात धूर जमिनीची ऊब फारशी अडवत नाही. तेच श्रम झाकणावर घाला.

घरापुढच्या परसात टोमॅटो, मिरची, घेवड्याची कोवळी रोपे असतील तर आधी ती झाका, त्यांना हिमदव अजिबात सोसत नाही. कोबी, गाजर निभावून नेतात. वाटाण्याचे झाड तग धरते, फुले मात्र गळतात.

नुकसान झालेच तर लगेच कात्री चालवू नका, युरियाही टाकू नका. आठवडाभर थांबून काळी पडलेली फुले तेवढी खुडा आणि वाफ्याबाहेर न्या, कारण राखाडी बुरशी अशा मेलेल्या भागावरच आधी बसते. गड्डा (जमिनीलगतचे आखूड खोड) टणक, आतून पांढरट असेल तर फुलांचे नवे तुरे येतील. तो आतून तपकिरी झाला असेल तर ते रोप उपटून टाका.