वेल कशी चढते ते पाहा, मग मांडव घाला

पाऊस सुरू व्हायच्या आत, बी टोकण्याआधीच वेलींचा आधार उभा करून घ्या. वेल हातभर झाल्यावर तिच्या बुंध्याशी पहार मारली की मुळं तुटतात आणि वाढ खुंटते.

बांबू, तार, सुतळी यांची जुळवाजुळव नंतर. आधी तुमची वेल कशाने धरते ते बघा. काकडी, कारलं, दोडका, वाटाणा हे तणाव्यांनी, म्हणजे वेलीला फुटणाऱ्या बारीक दोऱ्यांसारख्या धाग्यांनी चढतात. कारल्याचा कोवळा तणावा एकदा जवळून पाहाच. टोकाशी किंचित वाकलेला, हवेत चाचपडत असतो. सुतळीला लागला की थोड्याच वेळात तिला वेढे घालतो आणि मग मधला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळून वेलीला आधाराकडे ओढतो. वाऱ्याचा हिसका ही स्प्रिंगच झेलते. जाड पाइप मात्र त्याच्या वेढ्यात मावत नाही. म्हणून तणाव्याच्या वेलींना पेन्सिलीहून बारीक सुतळी, तार किंवा जाळी द्या. जाळीची घरं साधारण १५ सेंमीची ठेवा, म्हणजे तोडणीला हात आत जातो आणि फळ अडकून वेडंवाकडं होत नाही.

घेवडा, गोकर्ण, गुळवेल यांचं खोडच काठीला पिळे घालतं. त्यांना उभा, खडबडीत बांबू उत्तम; गुळगुळीत प्लास्टिकवरून त्या घसरतात. हाताने गुंडाळायचीच झाली तर आधीच्या पिळाच्या दिशेनेच गुंडाळा. मनीप्लांटला काथ्या गुंडाळलेला खांब द्या आणि तो ओलसर ठेवा. बोगनवेल, वेली गुलाब स्वतःहून धरत नाहीत, त्यांना बांधावंच लागतं.

आता मजबुती. एका वर्षी दुधीच्या मांडवाचे खांब मी जेमतेम वीतभर गाडले. पानांनी मांडव गच्च भरला, रात्री पाऊस आणि वारा एकदम आला. सकाळी पाहिलं तर सगळा मांडव जमिनीवर, खोडं पिरगळलेली, कोवळे दुधी चिखलात. फार वाईट वाटलं. आता जमिनीवर २ मीटर राहणारा खांब मी निदान ६० सेंमी खोल गाडतो, बांबूच्या गाडायच्या टोकाला डांबर लावतो आणि कोपऱ्यांच्या खांबांना बाहेरून तारेचा ताण देतो. ताण देण्यात आळस करू नका, मांडव कोपऱ्यातूनच बसतो.

शोभेची कमान करायची तर उंची सव्वादोन मीटरच्या खाली नको. फुलोरा खाली लोंबतो आणि डोक्याला लागतो. भिंतीवरची ताटी भिंतीपासून ५ ते ७ सेंमी पुढे बसवा. मागून हवा खेळली नाही की पानांवर बुरशी येते. लोखंडी कमान उन्हात तापते, तिला काथ्या गुंडाळला तर कोवळे शेंडे करपत नाहीत.

बांधताना खोड आणि काठी यांच्यामध्ये सुतळीला पीळ देऊन इंग्रजी आठासारखा सैल फास घ्या. नुसती तार कधीच नको. दर पंधरा दिवसांनी गाठीत बोट घालून बघा. जात नसेल तर सोडून पुन्हा बांधा.