मुलांच्या व्हॉलीबॉल टीमला शिकवताय? ताई, या चुका टाळा

पहिल्याच दिवशी नेट बांधायचं, मुलांना रांगेत उभं करायचं आणि एकेकाला बॉल उचलून देत स्मॅश मारू द्यायचा. तेरा ते सतरा वयाच्या पोट्ट्यांची टीम हाती आलेली नवी कोच हमखास इथूनच सुरुवात करते. यामागचं कारण खेळातलं नसतंच. मुलं आपसात कुजबुजत असतात, दोन-चार पालक कुंपणाशी उभे राहून बघत असतात, "सर नाही का कोणी?" असं एखादा विचारूनही गेलेला असतो. अशा वेळी मुलांना आवडेल ते दिलं की मैदान शांत राहतं. पण त्या रांगेचा हिशेब मांडून बघा. बारा मुलं असतील तर एक उडी मारतो आणि अकरा जण कमरेवर हात ठेवून उभे असतात. अर्ध्या तासात एकेकाच्या वाट्याला पंधरा-वीस स्मॅश येतात आणि त्यातले निम्मे नेटमध्ये जातात. त्याच बारा मुलांच्या सहा जोड्या करून दहा मिनिटं अंडरहँड पास दिला, तर प्रत्येकाच्या हाताला शंभरच्या वर वेळा बॉल लागतो.

पहिला टच, म्हणजे समोरची सर्व्हिस घेणारा पास, बिघडलेल्या टीमचं काय होतं ते सतरा वर्षांखालच्या एका शालेय सामन्यात फार स्पष्ट दिसलं. एका बाजूला दोन उंचेपुरे स्मॅशर होते, वॉर्मअपमध्येच त्यांनी टाळ्या घेतल्या. 17-11 अशी आघाडीही होती. मग समोरच्या टीमला एक पॉइंट मिळाला आणि त्यांचा एक बुटका मुलगा सर्व्हिसला आला. त्याची सर्व्हिस जोराची नव्हती. तळहाताच्या टाचेने बॉलच्या मधोमध एक कडक टोला, मनगट ताठ, हात तिथेच थांबवलेला. त्यामुळे बॉल फिरत नव्हता, हवेत डगमगत येत होता. त्याने तो पाच नंबर (मागच्या ओळीतली डावी जागा) आणि सहा नंबरच्या (मागची मधली जागा) मधल्या फटीत टाकला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पुढचा बॉल तिथेच. "काहून बे, तुझा होता ना!" त्यापुढचा पुन्हा तिथेच. कोचने दोन्ही टाइमआउट घेतले आणि दोन्ही वेळा 30 सेकंद "लक्ष द्या, जोर लावा" एवढंच सांगितलं. स्कोअर 17-18 झाला. या सगळ्या वेळात दोन्ही स्मॅशर नेटपाशी हात वर करून उभे होते आणि एकही नीट बॉल त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. सेट गेला.

जोर कमी पडला म्हणून तो सेट गेलेला नाही. मधल्या बॉलचा मालक कोण हे सरावात कधी ठरलंच नव्हतं, तिथे तो गेला. ठरवायला एक वाक्य पुरतं: दोघांच्या मधला बॉल डावीकडच्याचा. दुसरा कुठलाही नियम चालेल, पण एकच असावा आणि तो रोज वापरात असावा. बॉल नेट ओलांडायच्या आत "माझा!" अशी हाक आली पाहिजे. ज्याची हाक नाही त्याचा पास कितीही सुंदर गेला तरी सरावात तो पॉइंट समोरच्यांना द्या. दोन आठवड्यांत मुलं ओरडायला लागतात. टाइमआउटमध्ये एकच गोष्ट सांगा आणि ती माणसाचं नाव घेऊन सांगा: "पाच नंबर, दोन पावलं उजवीकडे सरक, मधला तुझा." 30 सेकंदांत मुलाच्या डोक्यात यापेक्षा जास्त जात नाही.

टीव्हीवर बघून तीन जणांची रिसेप्शन, म्हणजे सर्व्हिस घ्यायला तिघंच, लावणं हीसुद्धा याच घरातली चूक. मोठ्या खेळाडूंचे तीन पासर 9 मीटर रुंदी सांभाळतात, कारण त्यांचे पाय तेवढे जलद असतात. चौदा वर्षांच्या मुलाला तीन मीटरची पट्टी झेपत नाही. लिफ्टर (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारा) सोडून पाच जण इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात उभे करा, तीन पुढे आणि दोन मागे. दिसायला जुनाट वाटतं, पण या वयाला तेच योग्य आहे.

पास शिकवताना हात आधी नको, पाय आधी. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, एक पाऊल किंचित पुढे, वजन पंजांवर, गुडघे वाकलेले. बॉल येण्याआधी थांबलेलं असणं महत्त्वाचं, धावता धावता हात जोडले की बॉल बाजूला उडतोच. कोपरं सरळ, दोन्ही अंगठे शेजारी शेजारी, आणि बॉल मनगटाच्या वर चार-पाच बोटं, हाताच्या सपाट भागावर लागला पाहिजे. हात झुलवायचा नाही. ज्यांना शूटिंगबॉलची सवय आहे ती मुलं मुठी जोडून बॉल ठोसतात, त्यांना इथे जास्त वेळ द्या. सुरुवातीला 4 मीटरवरून हाताने टाकलेला बॉल, मग 6 मीटर, मग नेटपलीकडून हलकी सर्व्हिस, आणि शेवटी 9 मीटरच्या रेषेमागून पूर्ण सर्व्हिस. पायरी गाळण्याची घाई सगळ्यांना असते. दहापैकी सात पास लिफ्टरच्या जागी, म्हणजे नेटपासून साधारण मीटरभर आत, दोन नंबर (पुढची उजवी जागा) आणि तीन नंबरच्या (पुढची मधली) मध्ये पडेपर्यंत पुढची पायरी देऊ नका. "मॅडम, गेम खेळू द्या ना बाप्पा" हे रोज ऐकू येईल. शेवटची वीस मिनिटं गेमची ठेवा, पण ती शेवटचीच.

आणि मोजा. प्रत्येक रिसेप्शनला गुण द्यायचे: लिफ्टरला कुठेही बॉल उचलता येईल असा पास 3, दोनच पर्याय राहतील असा 2, कसाबसा वर गेलेला 1, सरळ पॉइंट गेला तर 0. दहा रिसेप्शनमध्ये 17 गुण म्हणजे 1.7, शाळेच्या टीमला हे बरं आहे. 2 च्या आसपास गेलात तर स्मॅशरला खरंच खेळायला मिळेल. वही कोर्टच्या कडेला उघडी ठेवा. तरुण बाईच्या हाताखाली शिकायला नाखूश असलेला मुलगाही स्वतःचा आकडा बघायला चार वेळा येतो, आणि त्यानंतर काय बोलायचं ते तुम्ही ठरवता. आवाज चढवून हे मिळत नाही.

"तुम्ही मारून दाखवा ना मॅडम" या सापळ्यात अनेक जणी अडकतात. सोळा वर्षांचा मुलगा आज ना उद्या तुमच्यापेक्षा जोरात मारणारच आहे, ती स्पर्धा जिंकण्यात काही अर्थ नाही. दाखवायचं असेल तर पावलं संथ करून दाखवा: उजव्या हाताच्या मुलासाठी डावं, उजवं, डावं, आणि शेवटची दोन जवळजवळ एकत्र. सरावासाठी जोराचे बॉल हवे असतील तर मजबूत लाकडी खोक्यावर उभं राहून नेटवरून मारा, म्हणजे तुमचा खांदाही टिकतो आणि बॉल रोज त्याच कोनातून येतो.

दुसरी तशीच चूक म्हणजे शिस्तीसाठी शेजारच्या मैदानावरच्या सरांना बोलावणं. एकदा बोलावलंत की मुलांना कळतं, खरी परवानगी कुणाची लागते. शिक्षा म्हणून ग्राउंडचे चक्कर लावणंही सोडा. पास चुकला तर पासच पुन्हा, दहा वेळा. धावून पास सुधारत नाही.

"मुलीसारखा काय मारतो बे!" हे वाक्य नागपूरच्या मैदानांवर मुलंही बोलतात आणि काही कोचही. ते कानावर पडलं की तिथल्या तिथे सराव थांबवा, बोलणाऱ्याला बाजूला घ्या, शांतपणे सांगा की इथे हे चालणार नाही. हसून सोडलंत तर पुढचा टोमणा तुमच्यावर असतो, आणि टीममधला सगळ्यात बारका मुलगा हळूहळू यायचा बंद होतो. या बाबतीत सवलत देऊ नये.

आता गुडघ्यांबद्दल, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं आणि ते उशिरा दिसतं. तेरा-पंधराच्या दरम्यान मुलांची उंची झपाट्याने वाढते. हाड आधी वाढतं, मांडीचा स्नायू मागून ताणला जातो. त्याचा ओढा गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा असतो तिथे पडतो. तिथे बोटाने दाबल्यावर दुखतं, सूज येते, खाली बसताना कळ मारते. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. "वयाचं आहे, होईल बरं" म्हणून त्याला उड्या मारायला लावल्या तर महिनोन्‌महिने दुखत राहतं. सिमेंटच्या कोर्टावर आणि उन्हाळ्यात दगडासारख्या झालेल्या काळ्या मातीवर हा त्रास आणखी वाढतो. शक्य असेल तर मुरमाचं मैदान घ्या, आदल्या संध्याकाळी पाणी मारा आणि रोलर फिरवा.

दर महिन्याच्या एक तारखेला भिंतीशी उभं करून उंची लिहून ठेवा. महिन्यात पाऊण सेंटिमीटरच्या आसपास वाढ दिसली की त्या मुलाच्या उड्या निम्म्यावर आणा. इतरांसाठीसुद्धा पूर्ण ताकदीच्या उड्या, म्हणजे स्मॅश, ब्लॉक आणि जंप सर्व्हिस धरून, दिवसाला चाळीस-पन्नासवर थांबवाव्यात, आणि त्याही आठवड्यातून तीनच दिवस. उतरताना दोन्ही पायांवर, गुडघे आत न वळता, आवाज कमीत कमी. धप्पकन आवाज आला तर उडी कितीही उंच असो, ती चुकीची. दुखत असेल तर उड्या बंद, 15 मिनिटं कापडात गुंडाळलेला बर्फ, मांडीचं स्ट्रेचिंग. लंगडत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे पाठवा. तेल चोळून सामना खेळवू नका. अशा वाढीच्या काळात चांगल्या मुलाची सर्व्हिसही अचानक बिघडते, कारण हात-पाय लांब झालेले असतात आणि अंदाज जुनाच असतो. त्याला बाहेर बसवू नका, दोन महिने हलकी सर्व्हिस द्या.

एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा "दुपारी चारला या" म्हणणाऱ्या कोचला समजावणं थकवणारं आहे. सकाळी पावणेसहा ते सव्वासात, नाहीतर संध्याकाळी ऊन गेल्यावर. दर पंधरा-वीस मिनिटांनी 150 ते 200 मिलिलिटर पाणी, तहान लागो न लागो. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच, अर्ध्या बाटलीत नाही. चक्कर, बरळणं, अंग तापलेलं असेल तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, पंख्याने वारा घाला आणि दवाखान्यात न्या.

बॉल सायकलच्या दुकानात टम्म भरून आणणं ही बारीक वाटणारी पण रोजची चूक. बॉलमधला दाब 0.30 ते 0.325 किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण 4.3 ते 4.6 पीएसआय. त्यापेक्षा कडक बॉलने हात लाल होतात आणि नवीन मुलं पास द्यायला घाबरतात. पहाटे 25 अंशांत नीट भरलेला बॉल उन्हात 45 ला तापला की दाब सव्वा पीएसआयने वाढतो, त्यामुळे बॅग सावलीत ठेवा. सुई आत घालण्याआधी ओली करा, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो.

नेटची उंची मधोमध मोजा, खांबापाशी नाही. पुरुषांची 2.43 मीटर, महिलांची 2.24. लहान वयोगटासाठी स्पर्धेच्या पत्रकात लिहिलेली उंची धरा, पण स्मॅशची पावलं शिकवताना नेट मुद्दाम खाली घ्या. एका बांबूवर खुणा करून ठेवल्या की टेप शोधत बसावं लागत नाही. कोर्ट आखताना 9 बाय 9 च्या अर्ध्या भागाचा कर्ण 12.73 मीटर आला पाहिजे, नाहीतर कोपरे तिरके आहेत.

रोटेशन, म्हणजे कोर्टवर जागा बदलत फिरण्याचा क्रम, फळ्यावर बाण काढून समजत नाही. सोड्याच्या बाटलीची सहा झाकणं घ्या, त्यांवर मुलांची नावं लिहा आणि त्यांनाच फिरवायला लावा. लिबेरोची (फक्त मागच्या ओळीत बचावाला खेळणाऱ्याची) जर्सी वेगळ्या रंगाची असावी, हे सामन्याच्या सकाळी आठवून उपयोग नाही.

हाताची पोझिशन दुरुस्त करताना आधी स्वतःच्या हातांवर दाखवा. स्पर्श करावाच लागला तर "कोपर धरू का?" असं विचारून, सगळ्यांसमोर. सराव संपल्यावर एकाच मुलासोबत मैदानावर थांबू नका. निरोप पालक असलेल्या ग्रुपवरच टाका, मुलांना रात्री वेगळे मेसेज नकोत. बाहेरगावच्या सामन्याला एक पालक बरोबर घ्या. हे नियम पहिल्या पालक सभेत कागदावर लिहून द्या आणि त्याच कागदावर प्रत्येक मुलाचा दमा, ॲलर्जी, जुनं फ्रॅक्चर आणि घरचा फोन नंबर भरून घ्या. एक प्रत तुमच्या बॅगेत, एक प्रथमोपचाराच्या डब्यात.