उत्पादनवाढ मागणारी कोळसा खाण तपासताना : या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण करून मी एका सल्लागार संस्थेत रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे आलेले पहिले काम विदर्भातल्या एका खुल्या कोळसा खाणीचे होते. चालू खाणीला वार्षिक उत्पादनाचा आकडा वाढवून हवा होता. जुन्या मंजुरीतील अटींच्या तक्त्यात प्रत्येक अटीपुढे ‘पालन सुरू आहे’ असे मी लिहिले, कारण मागच्या सहामाहीच्या तक्त्यात तसेच लिहिलेले होते. पुढे खाणीवर गेले तेव्हा ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्याभोवतीची चर गाळाने पूर्ण भरलेली होती आणि तो गाळ शेजारच्या कपाशीत उतरला होता. त्या शेतातल्या काकांनी विचारले, “ताई, तुमच्या कागदात ही चर आहे का?” कागदात चर होती आणि तिच्यापुढे मी ‘पालन’ लिहिले होते. तक्ता मी मागे घेतला, पण अशा शेऱ्याची किंमत कोण मोजतो हे त्या शेतात कळले.

म्हणून नवीन सहकाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, विस्ताराचा प्रस्ताव हाती आला की आधी जुने मंजुरीपत्र वाचावे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मंजूर क्षमतेपेक्षा अधिक उत्पादन करायचे असेल तर आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि ती मागणाऱ्या खाणीने पूर्वीच्या अटी पाळल्या आहेत का, याचा प्रमाणित अहवाल प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे ठेवावा लागतो. खाणीने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे सहामाही अनुपालन अहवाल सलग चार-पाच वर्षांचे शेजारी ठेवून वाचले, तर लावलेल्या झाडांची संख्या, विहिरींची पाणीपातळी आणि हवेचे आकडे एकमेकांशी जुळतात की नाही ते दिसू लागते. दर सहामाहीत तेच वाक्य शब्दशः येत असेल, तर त्या अटीच्या जागी स्वतः जाऊन पाहावे.

क्षमतेचा आकडा खाण आराखड्यात, पर्यावरणीय मंजुरीत आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात असा तीन ठिकाणी असतो. तिन्ही सारखे नसतील तर सर्वांत लहान आकडा खाणीला बांधून ठेवतो, असे मी मानते. ओडिशातील लोहखनिजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०१७ रोजी मंजुरीपेक्षा जास्त काढलेले खनिज बेकायदा ठरवून त्याची संपूर्ण किंमत वसूल करण्याचा आदेश दिला. तेव्हापासून मागील वर्षांच्या उत्पादनाचा वर्षवार तक्ता हा माझ्या दृष्टीने फाइलमधला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे.

यानंतर हिशेब करायला शिकावे, आणि तो हातानेच करावा. समजा, वाढ वर्षाला १० लाख टनांची आहे आणि एक टन कोळशामागे ५ घनमीटर ओबी काढावी लागते, तर वर्षाला ५० लाख घनमीटर ओबी अधिक निघेल. ती कुठे टाकणार, ढिगाऱ्याची उंची किती होणार आणि पावसाळ्यात त्याचा उतार कोणत्या नाल्याकडे जाणार, हे नकाशावर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. तोच कोळसा वर्षातल्या ३०० दिवसांत २० टनांच्या ट्रकने गेला तर दिवसाला सुमारे १६७ भरलेल्या फेऱ्या होतात, आणि रिकाम्या परतीच्या फेऱ्या धरल्या की रस्त्याकाठच्या घरासमोरून साधारण दर सव्वाचार मिनिटांनी, रात्रंदिवस, एक ट्रक जातो. ‘वाहतुकीवर किरकोळ परिणाम’ असे वाक्य त्या घरात बसून लिहिता येईल का, हे स्वतःला विचारावे.

एकट्या खाणीकडे पाहूनही भागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात (गुण जितके जास्त, तितके प्रदूषण अधिक) चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले होते आणि ७० हून अधिक गुणांच्या परिसरांत जानेवारी २०१० मध्ये नव्या पर्यावरणीय मंजुऱ्यांवर स्थगिती आली. तेथे औष्णिक वीज केंद्र, सिमेंट कारखाने आणि खाणी यांची धूळ एकाच हवेत मिसळते, त्यामुळे आधीचा भार किती आहे हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. सुरुंगांच्या हादऱ्यांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या मर्यादा आहेत. खाणीच्या मालकीची नसलेली साधी घरे असतील तर ८ हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेच्या हादऱ्यांना जमीन हलण्याच्या वेगाची मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर आहे. मोजणीचे यंत्र गावातल्या कोणत्या घराजवळ ठेवले होते, ते नोंदीत पाहावे.

जनसुनावणीला मात्र पूर्ण दिवस द्यावा. किमान ३० दिवस आधी सूचना, जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी, संपूर्ण चित्रीकरण आणि शेवटी मांडलेल्या मुद्द्यांचे सर्वांसमोर स्थानिक भाषेत वाचन, अशी तिची रीत आहे. मे २०२२ मध्ये केंद्राने, ४० टक्के वाढीची मंजुरी आधी मिळालेल्या कोळसा खाणींना नवा मूल्यांकन अहवाल आणि जनसुनावणी न करता ५० टक्क्यांपर्यंत जाण्याची विशेष सवलत दिली होती. विजेची टंचाई खरी होती हे मला मान्य आहे; तरीही सुनावणी गाळणे मला पटले नाही, कारण कोणत्या विहिरीचे पाणी कधी आटले आणि कोणत्या भिंतीला तडा केव्हा गेला, ही माहिती अनेकदा पहिल्यांदा तिथेच नोंदली जाते. शेवटचे वाचन सुरू होते तेव्हा मंडपातले बरेच लोक उठून गेलेले असतात. आपण थांबावे, आपल्या वहीतल्या नोंदींशी प्रत्येक मुद्दा ताडून पाहावा, आणि एखाद्या आजींनी मांडलेला विहिरीचा प्रश्न राहून गेला असेल तर इतिवृत्तावर सही होण्यापूर्वी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रतिनिधींच्या तो लक्षात आणून द्यावा.