कट्टा फोडायच्या आधी

आमचं घर बेळगावच्या शहापुरात, गल्लीतलं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. चार वर्षांमागं स्वयंपाकघर नवं केलं आणि सातव्या महिन्यात शेजारच्या काकू बोलवायला आल्या. त्यांच्या आतल्या खोलीत ट्रंकेमागं भिंतीला परातीएवढी ओल धरलेली, आणि ट्रंकेत सुनेच्या लग्नातल्या साड्या. पाणी झिरपत होतं आमच्या भिंतीतल्या पाइपच्या एका जोडातून. टाइल्स लावायच्या आधी पाइपला दाब देऊन तो तपासायचा असतो, ते मी करून घेतलं नव्हतं. आता धाकट्या बहिणीचं अनगोळातलं स्वयंपाकघर निघतंय. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी ही यादी.

काम दिवाळीनंतर काढा, फेब्रुवारीच्या आत संपवा. आपल्याकडं जूनमध्ये पाऊस लागला की गिलावा आठवडे-आठवडे वाळत नाही. उन्हाळ्यात उलटी गत, राकसकोप धरणाचं पाणी खाली गेलं की नळाला येणारं पाणी प्यायला पुरवायचं की सिमेंटवर मारायचं? जुलैत कुणी ‘गणपतीच्या आत करून देतो’ म्हणालं तर मान डोलवू नका.

पैशाचं आधी. हातात असलेल्या रकमेचे पाच भाग करा, काम चार भागांत बसवा, पाचव्याला हात लावायचा नाही. जुनी भिंत फोडल्यावर आत काय निघेल हे गवंड्यालाही माहीत नसतं. आमचा अंदाज पावणेतीन लाखांचा होता, गेले साडेतीन, आणि पुढची दुरुस्ती त्यात नाही. मोठे आकडे आपण घासाघीस करून आणतो. घात होतो तो बारक्या आकड्यांनी. ग्रॅनाइटचा भाव चौरस फुटाचा सांगतात, पण कडेची गोलाई रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, सिंकचं भोक नगावर, आणणावळ आणि उतरवायची मजुरी आणखी वेगळी. मलब्याचा ट्रॅक्टर गल्लीत शिरत नसेल तर तोंडापर्यंत पाट्या वाहायची मजुरी धरा. महिनाभर पडवीत शेगडी मांडून राहायचं तर त्याचा खर्चही लिहा. हे सगळं एका चिठ्ठीवर, काम धरायच्या आधी.

कट्ट्याची उंची मिस्त्रीला ठरवू देऊ नका. रोज स्वयंपाकाला जी उभी राहते तिला भिंतीशी उभी करा, कोपरात हात वाकवायला सांगा आणि कोपराखाली चार ते सहा इंचांवर खडूनं खूण करा. भाकरी थापायची असेल तर खालची खूण बरी, तळव्याला जोर मिळतो. आमच्या सासूबाईंची खूण ३१ इंचांवर आली. मिस्त्री ३४ वर अडून बसला होता, तिथं मी हटले नाही आणि आजही त्याचं समाधान वाटतं.

वीज: फ्रिज, ओव्हन, इंडक्शन, गिझर यांना प्रत्येकी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, आणि मंजूर भार पुरतो का ते वीजबिलावर बघा. गॅस: सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच, हवेची जाळी जमिनीलगत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो.

आता पाइप. हे दोनदा वाचा. टाकी गच्चीवर असते, तिथून कट्ट्याच्या नळापर्यंत उंची जेमतेम चार मीटर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, म्हणजे आपल्या नळाला अर्धा किलोसुद्धा नाही. एवढ्या दाबावर कच्चा जोड पहिल्या दिवशी कोरडा दिसू शकतो आणि नंतर महिनोन् महिने झिरपतो. म्हणून नळ सोडून ‘बघा ताई, कुठं गळतंय?’ म्हणणं ही तपासणी नव्हे. सीपीव्हीसीचं, म्हणजे या प्लास्टिक पाइपचे जोड चिकटवायचं, सोल्युशन एक दिवस वाळू द्या, सगळी तोंडं बुचानं बंद करा, हातपंपानं दहा किलोपर्यंत दाब चढवा आणि तासभर पंपावरचा दाब दाखवणारा काटा बघत बसा. काटा उतरला की जोड शोधा, बदला, पुन्हा तासभर. टाइल्सच्या आधी. गिलाव्याच्याही आधी. आमच्याकडं त्या दिवशी शनिवार होता, बटवड्याची घाई, सोमवारी टाइल्सवाला येणार, प्लंबर म्हणाला पंप दुसऱ्या कामावर आहे. मी जाऊ दिलं. तुम्ही जाऊ देऊ नका. टाइल्सवाला दोन दिवस थांबेल, नाही थांबला तर दुसरा मिळेल. प्लंबरचा निम्मा हप्ता या काट्यावर ठेवा. काटा तासभर हलला नाही तरच पैसे.

तपासून झालं की पाइप उघडे असतानाच भिंतीला टेप धरून फोटो काढा, पुढं फळीसाठी ड्रिल मारताना तेच कामाला येतात.

टाइल्सची एक पेटी जास्त घ्या, त्याच लॉट नंबरची. आमच्या अकरा टाइल्स फोडाव्या लागल्या आणि दुकानात त्या रंगाचा लॉट संपलेला. सिंकमागचा तो पट्टा आजही वेगळा दिसतो. काकूंची भिंत आम्ही खरवडून रंगवून दिली, साड्यांना मात्र काही करता आलं नाही.

सुतारकाम: सिंकखाली आयएस ७१० चा शिक्का असलेलं, पाण्याला टिकणारं मरीन प्लायच, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) नको, फुगतं. बाकी ठिकाणी साधं चालेल. चिमणी, हँडल, रंग हे शेवटी, उरलेल्या पैशांत. गवंड्याच्या पैशांतला दहावा हिस्सा काम संपल्यावर पंधरा दिवस हातात ठेवा.

बहिणीला एकच सांगितलंय. टाइल्सवाल्याला फोन करायच्या आधी पंपाच्या काट्याचे दोन फोटो मला पाठवायचे, तासाच्या अंतरानं काढलेले.