‘गिफ्ट’ म्हणजे भेट, विष की लग्न? शब्दाचा माग असा काढायचा

बेळगावात राहणाऱ्याला शब्दाचा माग काढायला शिकायचं तर सुरुवात घरातूनच होते बघा. ‘बा’ घ्या. खानापूरकडं खेड्यात बा म्हणजे वडील, आणि शेजारच्या कन्नड घरात बा म्हणजे ये. कानाला एकच, पण नातं काहीच नाही. म्हणून दोन भाषांत सारखा शब्द दिसला की आधी हे विचारायचं, ही भावंडं आहेत की नुसती सारख्या नावाची?

आता गिफ्ट. माझी भाची जर्मन शिकते, मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या कार्डावर हौसेनं गिफ्ट लिहायला बसली, मी म्हटलं अगं थांब, जर्मनमध्ये ते विष, भेटीला गेशेंक म्हणतात. स्वीडिशमध्ये स्पेलिंग तेच पण उच्चार यिफ्ट, आणि अर्थ दोन, विष आणि लग्न झालेला. डचमध्ये देणगी.

इथं अर्थाच्या मागं लागू नका, क्रियापद शोधा. इंग्लिश गिव्ह, जर्मन गेबेन, डच गेव्हन, सगळ्यांचं मूळ ‘देणं’ एकच, म्हणजे ही भावंडंच.

मग अर्थ एवढे फाकले कसे? तर आपल्याच बोलण्याकडं कान द्या. ‘मुलगी कुठं दिली ओ?’ ‘निपाणीला दिली.’ लग्नाला आपण देणंच म्हणतो की! जुन्या इंग्लिशमध्ये गिफ्ट म्हणजे वधूसाठी दिलेलं मोल होतं, जर्मनमध्ये मिटगिफ्ट म्हणजे आजही हुंडा. विषाची वाट ग्रीकमधून येते, तिथं दोसिस म्हणजे देणं, त्याचाच वैद्यांकडं डोस झाला, आणि त्याच वळणावर जर्मनमध्ये ‘दिलेलं’ हा विषासाठी सौम्य शब्द झाला. आपण नाही का दुकानात ‘उंदराचं औषध द्या’ म्हणतो, विष कोण म्हणतंय? आणि दोसिसचा धातू आपल्या ‘दान’मधल्या ‘दा’चा सख्खा, हे कळलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

डिक्शनरीत लिंग पण बघून ठेवा, दास (नपुंसकलिंगी) गिफ्ट विष, डी (स्त्रीलिंगी) मिटगिफ्ट हुंडा. जर्मनसाठी ग्रिम बंधूंनी सुरू केलेला कोश आहे, पहिला खंड १८५४चा, ऑनलाइन फुकट मिळतो. कन्नडसाठी किट्टेल यांचा १८९४चा.

आता हीच रीत बुर्रोवर लावून बघा, इटालियनमध्ये लोणी, स्पॅनिशमध्ये गाढव. मागं गेलात की एक लॅटिन बुटिरुमकडं जातं, दुसरं छोट्या घोड्याच्या बुर्रिकुसकडं. म्हणजे हे आपल्या बा सारखं.