बर्फ राखाडी, चेहरे काळे: असं सुटलं

लेहला कार्झूच्या गोठलेल्या तळ्यावर मुलींच्या आइस हॉकीवर कॉलेजची फिल्म शूट करतोय, पण फुटेजमध्ये बर्फ राखाडी-निळा आणि हेल्मेटच्या जाळीआडचे चेहरे पार काळे. जाम वैताग आला. एडिटमध्ये शॅडो (काळे भाग) उचलल्या तर नुसता नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर पांढऱ्या बर्फाला राखाडी समजून एक्सपोजर (चित्राचा उजळपणा) खाली ओढतो, हे खरं कारण.

आधी ऑटो बंद करून फुल मॅन्युअल, सेकंदाला 25 फ्रेम्स असताना शटर 1/50 सेकंद (पक, म्हणजे खेळाची चकती, फारच पुसट दिसला तर 1/100), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) बेसवर, मग लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर. झेब्रा (फार उजळ भागावर स्क्रीनवर पट्टे दाखवणारी सोय) 95 टक्क्यांवर ठेवून उन्हातल्या बर्फावर पट्टे जेमतेम येईपर्यंत अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) उघडायचं, मीटर +1.5 दाखवेल, दाखवू दे. शेवटी त्याच उन्हात ग्रे कार्ड (राखाडी पुठ्ठा) धरून कस्टम व्हाइट बॅलन्स, म्हणजे बर्फावरची निळी छटा जाते, आणि रिंकवर डोंगराची सावली आली की सगळं परत सेट करायचं. आता गोलकीपरचे डोळे जाळीतूनही स्वच्छ दिसतात.